पोत मोडू नका, ताई

(पारोळा तालुक्यातल्या एका अंगणवाडी सेविकेचं पत्र आलंय. मुलगा 19 वर्षांचा, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. दोन वर्षांपासून रॅप लिहितो, संगीतही कॉम्प्युटरवर स्वतःच जुळवतो. 14 गाणी यूट्यूबवर टाकली, त्यातलं एक अहिराणी गाणं 60 हजार वेळा पाहिलं गेलं. आता कॉलेज सोडून मुंबईला जायचं म्हणतो आणि स्टुडिओच्या सामानासाठी दीड लाख मागतो. वडील दालमिलमध्ये कामाला आहेत. त्यांनी पोराशी बोलणं टाकलंय. ताई लिहितात, "आंडोर मन्हा हुशार शे, पन हाऊ धंदा शे का नाद, तेच समजत नही. पोत मोडून पैसे देऊ का?")

ताई, नमस्कार.

मुलाची सगळी गाणी ऐकली, दोन संध्याकाळ त्यातच गेल्या. पहिली पाच-सहा ऐकताना माझं उत्तर तयारच होतं : आधी पदवी, मग नाद. तेच मी वर्षानुवर्षं पालकांना सांगत आलोय. मग नववं गाणं लागलं. ते जेमतेम 280 जणांनी पाहिलंय. त्यात ढोलाच्या जागी भाकरी थापल्याचा आवाज आहे. थप-थप-थप, मध्ये हात पिठाला लावायला थांबल्याची किंचित जागा, परत थप-थप. आणि भाकरीवर पाणी फिरवताना तव्यावर होतो तो चर्र आवाज त्याने झांजेसारखा चौथ्या मात्रेवर बसवलाय. हात तुमचेच असावेत. तुम्ही ते गाणं ऐकलंय का?

60 हजारवालं गाणं मात्र परत एकदा लावा. अगदी सुरुवातीला एक बाई इंग्रजीत काहीतरी कुजबुजते. ती त्या बीटच्या, म्हणजे शब्दांखाली वाजणाऱ्या तयार संगीताच्या, मूळ मालकाची सही. असे तयार बीट यूट्यूबवर ढिगाने पडलेले असतात, वर मोठ्या अक्षरांत 'फ्री' लिहिलेलं असतं, आणि खाली बऱ्याचदा बारीक अक्षरांत असतं की कमाईसाठी वापरायचा तर परवाना विकत घ्या. म्हणजे शब्द तुमच्या मुलाचे, गळा त्याचा, पण जमीन दुसऱ्याची. मालकाने दावा लावला की जाहिरातीचे पैसे तिकडे वळतील, नाहीतर गाणंच उतरवलं जाईल. भाकरीवाल्या गाण्याचा सातबारा मात्र त्याच्या एकट्याच्या नावावर आहे.

धंदा की नाद, असं तुम्ही विचारलंत. त्याच्यात दोन माणसं आहेत, एक रॅपर आणि एक प्रोड्यूसर. प्रोड्यूसर म्हणजे पैसे घालणारा निर्माता नव्हे. रॅप ज्या संगीतातून आला त्या हिप हॉपमध्ये बीट बांधणारा, आवाज रेकॉर्ड करणारा, सगळं जुळवून गाणं उभं करणारा तो प्रोड्यूसर. हिप हॉपचा जन्म लोक 11 ऑगस्ट 1973 चा धरतात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये कूल हर्क नावाच्या 18 वर्षांच्या पोराने बहिणीच्या पार्टीत रेकॉर्डी वाजवल्या. गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा आला की पोरं नाचायला लागतात, हे त्याच्या लक्षात आलं होतं. म्हणून त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन यंत्रांवर लावून तोच तुकडा लांबवत नेण्याची युक्ती काढली. माइकवरचं यमक मोठं झालं ते पुढे. म्हणजे या घराण्यात आवाज जुळवणारा थोरला आणि बोलणारा धाकटा.

तुमचा मुलगा रॅपर म्हणून अजून कच्चा आहे. 14 पैकी 11 गाणी हिंदीत आहेत आणि त्यातल्या गाड्या, पिस्तुलं, दुश्मन हे काही पारोळ्याचे नाहीत. डिव्हाइन आणि नेझी हे मुंबईचे रॅपर पुढे आले ते अंधेरी-कुर्ल्याच्या गल्लीची भाषा घेऊन, तेही 2019 साली 'गली बॉय' हा सिनेमा येण्याच्या कितीतरी आधी. एमसी स्टॅनने पुण्याची वस्ती गाण्यात आणली. 2023 मध्ये तो बिग बॉस जिंकला आणि तेव्हापासून माझ्याकडे 'मला स्टॅन व्हायचंय' म्हणणारी पोरं येतात. मी त्यांना विचारतो, स्टॅन तर झालेला आहे, तू कोण? तुमचा मुलगा अहिराणीत शिरतो तेव्हा त्याचं यमक सैल सुटतं, थट्टाही येते. हे त्याला सांगा, पण माझं नाव घालून. आईने सांगितलेलं या वयात पटत नाही.

प्रोड्यूसर म्हणून मात्र त्याच्याकडे कान आहे, आणि त्या कानाला खान्देशात गिऱ्हाईक आहे. आपल्याकडे अहिराणी गाण्यांचा बाजार किती मोठा झालाय ते हळदीच्या रात्री डीजेसमोर उभं राहिलं की कळतं. लग्नसराई आहे, श्रावणात कानबाईची गाणी आहेत, निवडणुका आल्या की रिक्षावरचा भोंगा आहे, दुकानांच्या जाहिराती आहेत. ही गाणी कुठेतरी रेकॉर्ड होतात, कुणीतरी त्यांचं मिक्सिंग करतं, म्हणजे गळा आणि वाद्यं यांचे आवाज कमी-जास्त करून एकत्र बसवतं. बरीचशी वाईट होतात, शब्द ढोलाखाली दबून जातो. चांगलं मिक्सिंग करणाऱ्या पोराला इथे काम मिळेल, आणि त्याच पैशांवर त्याचा रॅप चालेल. रॅपवर घर चालवायला निघाला तर दोन्ही बसतील.

यूट्यूबचा हिशोबही घरात मांडून बघा. चॅनलला जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला 1000 सबस्क्रायबर लागतात आणि वर्षभरात 4000 तास पाहिलं जावं लागतं. त्याचं मोठं गाणं तीन मिनिटांचं. सगळ्या 60 हजार वेळा ते शेवटपर्यंत पाहिलं गेलं असं धरलं, तरी 3000 तास होतात. आणि शेवटपर्यंत कोण पाहतो? स्पॉटिफायवर तर वर्षभरात 1000 वेळा न ऐकलेल्या गाण्याला 2024 पासून काहीच मिळत नाही. स्वतंत्र कलाकार म्हणजे डोक्यावर कंपनी नाही, गाणं वितरकामार्फत स्वतःच सगळीकडे टाकायचं आणि हक्क स्वतःकडे ठेवायचे. पैसा येतो, पण हळूहळू, आणि बऱ्याच गाण्यांचा मिळून.

आता दीड लाख. त्याने केलेली यादी तुम्ही पाठवलीत, त्यात निऑन लाइट आहे. (माझ्या ऑफिसातही नाही.) महागडा माइक आणि दोन मोठे स्पीकर लिहिलेत, पण पत्र्याच्या खोलीत ते स्पीकर खोटं बोलतात, भिंतींवरून आवाज उलटून येतो आणि कानाला खरं काय ते कळत नाही. कान पूर्ण झाकणारे बरे हेडफोन, साधा माइक आणि आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारा छोटा ऑडिओ इंटरफेस, एवढं साधारण 30 हजारांच्या आसपास बसतं. कॉम्प्युटर त्याच्याकडे आहेच. गाणं जुळवायच्या सॉफ्टवेअरपैकी बँडलॅब फुकट आहे, रीपर 60 दिवस वापरून बघता येतं. जळगावातल्या एका पोराचा स्टुडिओ मी पाहिलाय : कपाटाची दोन्ही दारं उघडी, त्यांवर आजीच्या दोन गोधड्या, मधे माइक. मे महिन्याची दुपार होती. पंख्याची घरघर माइकमध्ये येते म्हणून पंखा बंद. पोरगा बनियनवर उभा राहून चार ओळी म्हणायचा, बाहेर येऊन तांब्याभर पाणी प्यायचा, परत आत. त्या गोधड्यांतून निघालेला आवाज स्वच्छ होता. म्हणून म्हणतो, पोत मोडू नका. 30 हजारही एकदम देऊ नका. दुसऱ्या कुणाची तीन गाणी पैसे घेऊन मिक्स करून दाखव, मग अर्धे मी घालते, असं सांगा.

एक गोष्ट मात्र दीड लाखापेक्षा महाग पडते, ती म्हणजे कागद. माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी धुळ्याकडचा एक विद्यार्थी हळदीचं गाणं घेऊन आला. एका चॅनलवाल्याने त्याला पाच हजार देऊ केले होते. मी म्हणालो, मिळतायत तर घे. त्याने एका चिठ्ठीवर सही केली, त्यात 'सर्व हक्क कायमचे' असं होतं; ती मी वाचलीसुद्धा नाही. गाणं चाललं, भरपूर चाललं. पुढच्या वर्षी चुलतभावाच्या हळदीत तो स्वतःच्याच गाण्यावर नाचला आणि पडद्यावर नाव भलत्याचंच होतं. तेव्हापासून मी कायदा वाचायला लागलो. गाण्यात दोन मालमत्ता असतात : शब्द-चाल ही एक, आणि रेकॉर्डिंग ही दुसरी. दोन्ही वेगवेगळ्या विकता येतात. हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात, आणि कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो. म्हणून 'कायमचे' हा शब्द दिसला की पेन खाली ठेवायचं. मित्रांबरोबर गाणं केलं तरी कुणाचा किती टक्के वाटा, ते त्याच दिवशी वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या. गाणी चालायला लागली की गीतकार-संगीतकारांच्या आयपीआरएस या संस्थेचं सभासद व्हायचं. गाणं जाहीरपणे वाजतं त्याची रॉयल्टी ती गोळा करते.

कॉलेज सोडायचं नाही. कारण साधं आहे : पुण्याच्या एफटीआयआय या सिनेमा शिकवणाऱ्या सरकारी संस्थेत साउंडचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे आणि त्याला पदवी लागते. तिथे प्रवेश अवघड आहे, मिळेलच असं नाही, पण दार आपल्या हाताने लावू नये. राहिलं मुंबईचं. जळगावहून रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी दादर. ओपन माइक, म्हणजे कुणालाही मंचावर गाता येतं असा कार्यक्रम, असेल तेव्हा जाऊन यावं, दोन दिवस राहावं, ओळखी कराव्यात. खोली भाड्याने घेण्याइतकं काम अजून त्याच्याकडे नाही.

पुढच्या महिन्यात एखाद्या शनिवारी त्याला माझ्याकडे पाठवा. तयार गाणं नको, कॉम्प्युटर घेऊन येऊ दे; भाकरीवाल्या गाण्याची मूळ फाइल उघडून मला एकेक थर दाखवू दे. त्यातून मला जे कळेल ते त्याच्या बोलण्यातून कळणार नाही.

आणि त्याआधी एखाद्या रात्री जेवणं झाली की घरात नववं गाणं लावा. वडिलांना रॅप आहे, पोराचं आहे, काही सांगू नका. फक्त विचारा, हा आवाज कशाचा ते ओळखा.