वाचकांचे प्रश्न : मुलाचे मित्र आणि घरातली काळजी

प्रश्न : माझा मुलगा बारावीत आहे. गेल्या वर्षभरात त्याची ऊठबस आमच्या पेठेतल्या चार-पाच मुलांत वाढली आहे. संध्याकाळी ही मुले रंकाळ्यावर बसतात, घरी यायला रात्र होते, आणि त्यांतले दोघे मावा खातात असे माझ्या कानावर आले आहे. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी "आपल्या तरुण संघातली मुलेच बरी" असा सल्ला दिला. मी मुलाला समजावू लागले तेव्हा तो म्हणाला, "प्रभू येशूसुद्धा जकातदारांच्या पंक्तीला जेवला, मग माझंच काय चुकलं?" मला उत्तर सुचले नाही. त्याला या मित्रांपासून तोडावे का?
– एक आई, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : ताई, मुलाने तुम्हाला निरुत्तर केले खरे, पण ऐन वेळी शास्त्रातला (बायबलातला) नेमका प्रसंग त्याला आठवला, म्हणजे रविवारची शाळा अगदीच वाया गेलेली नाही, एवढे समाधान बाळगायला हरकत नाही. त्याचा मुद्दा टाळू नका, कारण तो अर्धा बरोबर आहे. जकातदार तेव्हा पापी गणले जात, तरी प्रभू लेवी या जकातदाराच्या घरी जेवला आणि यरीहोत जक्कय या मुख्य जकातदाराकडे उतरला, त्यावर परूशी (यहुद्यांतले कर्मठ पंथीय) व लोक कुरकुरले, हे शुभवर्तमानात स्पष्ट लिहिले आहे. मात्र जक्कयाच्या घरी पुढे काय घडले, तेही त्याला वाचायला सांगा. अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याची आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करण्याची भाषा यजमानाच्या तोंडून निघाली. पाहुणा होता तसाच राहिला. रंकाळ्यावरच्या त्या बैठकीत कोण कोणाला बदलतो आहे, हा प्रश्न मुलाला शांतपणे विचारा आणि उत्तराची घाई करू नका. तालमीतला वस्तादही नव्या पोराची जोड पाहूनच त्याला लाल मातीत उतरवतो, मग त्या पोराची हिंमत कितीही मोठी असो.

त्या वडीलधाऱ्या बाईंचा सल्ला मायेपोटी आला असला तरी मला तो पुरता पटत नाही. "कुसंगतीने नीती बिघडते" हे वचन आपण सारे ऐकत आलो आहोत. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या, बायबलातल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात ते आहे, आणि मूळची ती ओळ ग्रीक नाटककार मिनँडर याची मानली जाते, म्हणजे पौलाने ती मंडळीच्या बाहेरूनच उचलली. त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात तो खुलासा करतो की जगातल्या सगळ्याच वाईट माणसांशी संबंध तोडा असे मला म्हणायचे नव्हते, नाहीतर तुम्हाला जगच सोडून जावे लागेल. आणि लगेच पुढे, जो स्वतःला बंधू म्हणवतो पण लोभी, निंदक किंवा मद्यपी आहे, त्याच्याविषयी तो अधिक कडक शब्दांत सावध करतो. तेव्हा नुसती चर्चच्या हजेरीपटावरची नावे पाहून मित्र निवडता येत नाहीत. १८५२ मध्ये अमेरिकन मिशनरी वाइल्डर दांपत्य कोल्हापुरात आले, तेव्हा त्यांनी केवळ आपल्या धर्मबांधवांतच बसायचे ठरवले असते, तर त्यांना या गावात दोन शब्द बोलायलाही कोणी मिळाले नसते.

मग पारख कशी करावी? मला यासाठी रहबामाची गोष्ट सर्वांत उपयोगी वाटते, आणि व्यासपीठावरून ती फारशी ऐकू येत नाही याचे नवल वाटते. इस्राएलचा राजा शलमोन याच्यानंतर त्याचा हा मुलगा राजा झाला, तेव्हा लोक शखेमात त्याच्याकडे आले आणि म्हणाले, तुझ्या बापाने आमच्यावर लादलेले जू हलके कर. वृद्ध सल्लागारांनी सांगितले की या लोकांशी ममतेने वाग, गोड बोल, म्हणजे ते कायमचे तुझे होतील. रहबामाने तो सल्ला सोडला आणि आपल्याबरोबर लहानाचे मोठे झालेल्या सोबत्यांचे ऐकले. त्यांनी त्याला लोकांना ऐकवायचे वाक्य शिकवले : माझी करंगळी माझ्या बापाच्या कमरेहून जाड आहे. इस्राएलच्या बारा वंशांपैकी दहा वंश त्याला सोडून गेले. आपण हे तरुण रक्ताचे खूळ समजतो. पण शास्त्राप्रमाणे गादीवर बसताना रहबाम एकेचाळीस वर्षांचा होता, त्यामुळे हा प्रश्न फक्त बारावीतल्या मुलांचा आहे, असे आपण थोरांनीही समजू नये.

इथे वाईट संगत कशावरून ओळखू आली, ते पाहा. त्या सोबत्यांनी रहबामाला व्यसन लावले किंवा मूर्तीपुढे नेले असे त्या अध्यायात लिहिलेले नाही. त्यांनी त्याला आपल्याहून दुबळ्या माणसांशी उर्मटपणे बोलायला लावले. म्हणून मुलगा किती वाजता परतला यापेक्षा, परतल्यावर तो धाकट्या भावंडांशी, आजीशी, दारावर आलेल्या भाजीवालीशी कसा बोलतो, याकडे लक्ष द्या. त्या टोळक्यात एखाद्या तोतऱ्या किंवा गरीब मुलाची रोज टिंगल होते का, आणि तेव्हा तुमचा मुलगा हसतो की गप्प बसतो की त्या मुलाची बाजू घेतो, हे त्याच्याकडूनच बोलता बोलता काढून घ्या. तो बाजू घेत असेल, तर त्या मुलांना त्याची गरज आहे आणि तुम्ही त्याला तोडू नये. उलट दिसले, तर अंतर ठेवायला त्याला मदत करा.

माव्याबाबत मात्र थांबू नका. त्यात सुपारी, चुना आणि तंबाखू असते, आणि तोंडाच्या कर्करोगाचे ते उघड कारण आहे. हे घरात स्पष्ट शब्दांत बोलले गेले पाहिजे.

आणखी एक करून पाहा. एखाद्या रविवारी उपासनेनंतर त्या सगळ्या पोरांना तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर घरी बोलवा. ज्यांच्याविषयी आपण फक्त ऐकले आहे, त्यांना वाढताना त्यांची बरीच ओळख होते, आणि कदाचित त्यांतल्या एखाद्याला घरी असे कोणी प्रेमाने वाढत नसेल.

प्रश्न : माझी एक जवळची मैत्रीण दुसऱ्यांची गुपिते सर्वांना सांगत असते. मी तिच्याशी मनातले बोलणे बंद केले आहे, पण कॉलेजमध्ये रोज भेट होते आणि मी निष्ठुर वागते आहे असे वाटत राहते.
– एक विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : बाळ, तू निष्ठुर नाहीस. गुप्त गोष्टी फोडणाऱ्याच्या फार जवळ जाऊ नये, असे नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायातच सांगितले आहे. विश्वास ज्याने त्याने कमवायचा असतो, दया मात्र सर्वांना द्यायची असते. गलतीकरांस पत्रात पौल सर्वांचे बरे करायला सांगतो, सर्वांपुढे मन मोकळे करायला नव्हे. तरी एक गोष्ट राहिली आहे. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने सांगितल्याप्रमाणे, तिला एकटीला गाठून काय खटकले ते एकदा सांग. न सांगता दूर झालीस तर तिला कारण कधीच कळणार नाही. त्यानंतर तिने वही मागितली तर दे, ती आजारी पडली तर विचारपूस कर, आणि तुमचे का बिनसले असे वर्गातल्या इतर मुलींनी विचारले, तर ते त्यांना सांगू नकोस.