नवे बुश, जुनी कुरकुर

प्रश्न : माझ्याकडे २०१६ची फोर-बाय-फोर थार आहे. शेत राळेगावपासून आत, शेवटचा रस्ता पांदणीचा. दिवाळीनंतर समोरून कुरकुर सुरू झाली. गॅरेजवाल्यानं पुढचे सगळे बुश (सांध्यांतली धक्के सोसणारी रबरं) बदलले, पण थोडे दिवस गप्प राहून गाडी पुन्हा बोलायला लागली, उलट जास्तच. गतिरोधकावर आणि पांदणीत हमखास आवाज येतो. आता तो म्हणतो, लोअर आर्मचा (चाक चॅसीला धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्याचा) अख्खा सेट टाका. टाकू का?
– एक शेतकरी वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : नका टाकू, भाऊ. कापसाचे पैसे हाती आले की गॅरेजवाल्यांना सेटच सुचतात.

नवा रबरी बुश इतक्या लवकर झिजत नाही. चुकीच्या तऱ्हेनं आवळला की मात्र ओरडतो, आणि मला इथं तोच संशय आहे. मिस्त्री गाडी जॅकवर घेतो, चाक काढतो, आर्म खाली लोंबत असतो. बुश ठोकून बसवतो आणि आर्म तसाच लोंबत असताना नट टाइट करून मोकळा होतो. बुशच्या आतली लोखंडी नळी बोल्टनं ब्रॅकेटला पक्की आवळली जाते, बाहेरचं कवच आर्ममध्ये घट्ट बसलेलं असतं. आर्म वर-खाली होतो तेव्हा फिरत काहीच नाही, मधलं रबर तेवढं पिळलं जातं. लोंबत्या आर्मवर नट कसला की गाडी चाकांवर उभी राहिल्याबरोबर ते रबर पिळलेलंच राहतं, गाडी अंगणात उभी असली तरी. बसवताना लावलेलं साबणाचं पाणी सुकेपर्यंत ते गप्प बसतं. मग प्रत्येक खड्ड्यात आणखी पिळलं जाऊन कुरकुरतं आणि वेळेआधी फाटतं.

उपाय फुकटात होतो. गाडी सपाट जागी चारही चाकांवर उभी करा, मागच्या चाकांना ठोकळे लावा. आर्मच्या आतल्या टोकाचे नट अर्धा-पाऊण फेरा सैल करा. बोल्ट बाहेर काढायचा नाही. दोघा जणांनी बंपरवर उभं राहून गाडी चांगली दाबा, मग ठोकळे काढून थोडी पुढे-मागे ढकला. आर्म आपल्या जागी बसला की गाडी चाकांवर असतानाच टॉर्क पान्यानं नट कसा. टॉर्शन बारच्या (पुढे स्प्रिंगचं काम करणाऱ्या, पिळल्या जाणाऱ्या दांड्याच्या) ॲडजस्टिंग बोल्टला मात्र कुणाला हात लावू देऊ नका. गाडी रुबाबदार दिसावी म्हणून तो आवळून पुढून उंच करायची टूम आपल्याकडे आली आहे. त्यानं आर्मचा कोन बिघडतो, बुश आणि बॉल जॉइंट (आर्म चाकाला जोडणारा गोळीचा सांधा) दोन्ही लवकर जातात. तुमच्या मिस्त्रीनं गाडी ‘जरा वर घेतली’ का, तेही विचारा.

त्याआधी आवाज नेमका कुठला ते पकडा. एकाला बंपर दाबायला लावा, तुम्ही पाण्याची बाटली घेऊन एकेका बुशावर धार सोडा. ज्यावर पाणी पडताच कुरकुर थांबते आणि सुकल्यावर परत येते, तो चोर. पाणीच घ्या राजेहो, डिझेल किंवा जळकं ऑइल नको. त्यानं आवाज लगेच बंद होतो, पण रबर फुगून मऊ पडतं. आमच्या हिंगणघाटच्या गॅरेजात असे हातात चुरा होणारे बुश दर हंगामात येतात. स्टॅबिलायझर रॉडचा (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या आडव्या दांड्याचा) बुश आधी बघा. पांदणीतली काळी माती रॉड आणि रबराच्या फटीत शिरते, वाळून कडक होते आणि करकरत राहते. क्लॅम्प सोडून धुतलं की पुष्कळदा एवढ्यावरच भागतं.

एका जागी मात्र पैशाकडे पाहू नका. गाडी उभी असताना स्टिअरिंग डावी-उजवी फिरवून बघा. तेव्हाही कुरकुरत असेल तर बुश सोडा, बॉल जॉइंट तपासा. त्याचं रबरी टोपण फाटलं की ग्रीस जातं, माती आत जाते. जॅक लोअर आर्मखाली लावून चाक जमिनीपासून थोडं उचला, टायरखाली टॉमी घालून वर ढकला. खालच्या जॉइंटमध्ये खटखट लागली तर त्याच दिवशी बदला. तो सुटला की चाक आडवं पडतं.

आणि हो, पांदणीतून डांबरीवर आल्यावर लिव्हर टू-एचला, म्हणजे फक्त मागच्या चाकांना ताकद जाते तिथं, आणता ना? फोर-एचमध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद जाते तेव्हा, पुढचा-मागचा एक्सल एकमेकांना बांधलेले असतात. वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावं लागतं, डांबरीवर टायर सरकत नाही, मग सगळा ताण शाफ्टांवर येतो आणि गाडी कण्हते. तिथं बुशाचा काही दोष नसतो.

प्रश्न : ताडोब्यात जिप्सी चालवतो. पुढचे पाटे इतके करकरतात की पर्यटक म्हणतात, वाघ पळेल.
– एक चालक, मोहर्ली

उत्तर : वाघाला जिप्सीची सवय आहे, पर्यटकांच्या कुजबुजीची नसेल.

जिप्सीला पुढेही पाटेच (एकावर एक रचलेल्या पट्ट्यांची स्प्रिंग), त्यामुळे वरचं टॉर्शन बारचं पुराण तुम्हाला लागू नाही. मंगळवारी सफारी बंद असते, तेव्हा गाडी चॅसीवर उचलून स्टँडवर ठेवा. एक्सल खाली लोंबला की पाट्यांमध्ये फट पडते. तारेच्या ब्रशनं धूळ काढा, ग्रेफाइट ग्रीसचा पातळ हात मारा. जाड थापलं तर तेच ग्रीस धूळ धरून ठेवतं. एखाद्या पाट्यावर आडवी तांबूस रेघ दिसली तर तो तडा समजा, पाटा बदला. शॅकलचे (पाट्याचं टोक चॅसीला टांगणाऱ्या कडीचे) बुश ढिले आहेत का बघा. पाटे एक्सलला बांधणारे यू-बोल्ट कसून घ्या आणि आठवडाभर फेऱ्या झाल्या की पुन्हा एकदा पाना लावून बघा.