मोरीचं पाणी खाजणात सोडू का?

प्रश्न : आमचं घर दाभोळ खाडीच्या काठाला. पावसाळ्यात शोषखड्डा तुडुंब भरतो. मोरीचं पाणी सरळ खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या भरतीच्या चिखलात, सोडलं तर? चिखल पाणी शुद्ध करतो म्हणतात.

उत्तर : करतो, पण अर्धंच काम. खाजणात वीतभर उकरून बघा. वर तपकिरी साय, खाली काळाकुट्ट गाळ, कुजक्या अंड्याचा वास. त्या काळ्या थरात प्राणवायू नसतो, म्हणून तिथले जिवाणू नायट्रेट या नायट्रोजनच्या क्षारातला प्राणवायू ओढून घेतात आणि नायट्रोजन हवेत निघून जातो. मात्र सांडपाण्यात नायट्रेट जवळजवळ नसतंच, असतो तो अमोनिया. त्याचं नायट्रेट व्हायला आधी हवा हवी. शिवाय साबणाचा फेस आणि खरकट्याचं तेल चिखलाची छिद्रं बुजवतं.

म्हणून आधी गाळ अडवायला छोटी टाकी, मग खडीचा वाफा, त्यात कर्दळ. आमच्या परसात मी हेच केलंय. भाताची शितं अडवायला टाकीच्या तोंडाशी जाळी लावलीय, ती रोज झाडते. वाफ्याचा तळ मात्र पक्का हवा, जांभ्याच्या भेगांतून पाणी न गाळताच विहिरीत उतरतं. वाफ्यातून निघालेलं पाणी केळी-माडाला द्या. आणि कृपा करून कांदळवनात पाट काढू नका, त्याला कायद्याचं संरक्षण आहे.