घर विकायचंय, पण आधी रंग काढायचा की कागद?

प्रश्न : ताई, सांगलीत गावभागात वडिलांचं दुमजली घर आहे, १९८८ चं बांधकाम. वडील २०१६ ला गेले. आई आता पुण्याला माझ्याकडेच असते म्हणून विकायचं ठरवलंय. एजंट म्हणतोय आधी चार-पाच लाख खर्च करा, सगळीकडे पुट्टी मारून रंग द्या, खाली मॉड्युलर किचन करा, आणि पुराच्या पाण्याची जी रेघ दिसतेय ती पहिली घालवा, तरच भाव येईल. एवढा खर्च करू का? प्रॉपर्टी कार्डावर अजून वडिलांचंच नाव आहे. आम्ही दोघं भाऊ आणि एक बहीण, ती विट्याला दिलीय, तिला काही नकोय.

उत्तर : पैसे खिशातच ठेवा आधी. आणि ती रेघ राहू द्या.

सांगलीतलं गिऱ्हाईक घरात पाऊल टाकलं की हॉल बघत नाही, किचन बघत नाही, पहिला प्रश्न असतो "पाणी कुठवर आलं होतं?" २००५ ला आलं, २०१९ ला आलं, २०२१ ला परत आलं, आणि २०१९ ला तर कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं होतं, जिथं धोक्याची पातळी ४५ आहे. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहितीय. तुम्ही रेघ पुसली तरी शेजारच्या घरावर ती आहेच की! समोरचा दुकानदार न विचारता सांगणार, "अहो हितं तर छातीएवढं होतं." मग गिऱ्हाईकाला वाटणार की हे लपवतायत, अजून काय काय लपवलं असेल.

आमचा स्वतःचा अनुभव सांगते. खणभागातलं सासऱ्यांचं घर विकायला काढलं तेव्हा आम्हीही हाच शहाणपणा केला होता. पाऊस संपतोय न संपतोय तोवर सप्टेंबरमध्ये पुट्टी मारली, वर छान बदामी रंग, फोटो काढले, खूश. डिसेंबरात एक पार्टी आली, गृहस्थ बोलता बोलता भिंतीला टेकले आणि उठले तेव्हा शर्टाच्या पाठीवर पांढरी पूड, खाली फरशीवर रंगाची पापडी. आतली ओल वाळलीच नव्हती, लोणा, म्हणजे भिंतीतला खार, वर आला. ते काहीच बोलले नाहीत, चहा घेतला आणि गेले ते गेलेच.

म्हणून करायचंच असेल तर खालच्या मजल्याचं प्लास्टर रेघेच्या फूटभर वरपर्यंत खरवडून काढा, भिंत उघडी ठेवून उन्हाळाभर वाळू द्या, मग नवीन गिलावा आणि साधा रंग. तेवढा वेळ नसेल तर आहे तसं दाखवा आणि तेवढा भाव कमी सांगा, काही बिघडत नाही. मॉड्युलर किचन तर मुळीच नको, घेणारा स्वतःच्या बायकोच्या पसंतीनं करणार, तुमचं उखडून टाकणार.

थोडा खर्च मात्र कराच. इलेक्ट्रिशियन बोलवून खालचे सगळे स्विचबोर्ड उघडायला लावा. पुराच्या घरात बोर्डाच्या मागे अजून वाळलेला गाळ निघतो, चिमटीत धरला तर पिठासारखा. तो साफ करून गंजलेल्या वायरी बदलल्या तर काही हजारांत काम होतं, आणि पार्टीसमोर बटण दाबल्यावर दिवा लागला पाहिजे एवढं तरी हवंच ना. फुगून न लागणारी दारं रंधा मारून घ्या, ड्रेनेजचं चेंबर उपसा, गच्चीवरची गळती बघा. बाकी झाडून पुसून स्वच्छ.

आता खरी तयारी. तुमचं घर भिंतीसाठी नाही, कागदासाठी अडणार आहे. सिटी सर्व्हेला वारस नोंद करून कार्डावर आईचं आणि तुम्हा तिघांचं नाव लावून घ्या. आईला विसरू नका, तिचाही हिस्सा आहे. आणि बहिणीला "काही नकोय" हे तोंडी चालत नाही हो. मृत्युपत्र नसेल तर वडिलांनी स्वतः कमावलेल्या घरात मुलीचा बरोबरीचा हक्क १९५६ च्या कायद्यापासूनच आहे, २००५ च्या दुरुस्तीनं तिला वडिलोपार्जित मिळकतीतही मुलाएवढा दिला. तिला खरंच नको असेल तर नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र, नाहीतर खरेदीखतावर तिची सही. (आणि एकदा तिला एकटीला बसवून विचाराच, नवऱ्यासमोर आणि भावांसमोर बायका "नको" म्हणतात ते नेहमी खरं नसतं.) घरपट्टी-पाणीपट्टी चालू सालापर्यंत भरून महापालिकेचा थकबाकी नसल्याचा दाखला, बांधकाम परवानगी, जुनं खरेदीखत, हे सगळं एका फायलीत. वरचा मजला परवानगीत आहे का तेही बघा, गिऱ्हाईक बँकेचं कर्ज काढणार असेल तर बँकेचा वकील तिथंच बोट ठेवतो.

विसार रोखीत घेऊ नका. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेतली तर घेतली तेवढाच दंड बसू शकतो. किंमत ५० लाख किंवा वर गेली तर घेणारा एक टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापून देणार, तेव्हा भांडू नका, तो तुमच्याच पॅनवर जमा होतो. घर २००१ च्या आधीचं आहे म्हणून विक्रीच्या नफ्यावरचा कर काढताना मूळ किंमत म्हणून १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते, त्याचा व्हॅल्युअरकडून रिपोर्ट काढा आणि सीएकडे विसार घ्यायच्या आधी जा, नंतर नाही.

प्रश्न : साताऱ्यात शनिवार पेठेत घर आहे, विकायचंय पण आई अजून तिथंच राहतेय. पितळेची भांडी, ट्रंका, गाद्या, काही टाकू देत नाही. घर रिकामं करून दाखवावं का?

उत्तर : आई राहतेय तोवर रिकामं करू नका, राहतं घर जास्त चांगलं विकतं असं माझं मत आहे. चूल पेटते, नळाला पाणी येतं, तुळशीला पाणी घातलंय, हे बघणाऱ्याला दिसतं. फक्त एक खोली आईला द्या, तिच्या सगळ्या ट्रंका तिथं, त्या खोलीत कुणी हात लावायचा नाही. बाकीच्या खोल्यांची जमीन आणि खिडक्या मोकळ्या करा म्हणजे उजेड येईल. आणि बघायला येणाऱ्यांची वेळ आईला विचारून ठरवा, दुपारी तिच्या झोपेच्या वेळी एजंट कडी वाजवत आला की ती पार्टीला काय काय ऐकवेल ते तुम्हाला माहितीच असेल.

प्रश्न : किंमत किती वाढवून सांगावी? (मिरज)

उत्तर : आपल्या गल्लीत वर्षभरात झालेल्या एक-दोन व्यवहारांची इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या खरेदीचा किंमतीसकट गोषवारा, बघा, सरकारी साइटवर मिळते. त्यावर थोडी वाढवून सांगा, घासाघीस होणारच. दुप्पट सांगितली तर फोनच येणार नाहीत.