रिब्जमधली साखर काढायची कशी?

प्रश्न : आमचे हे कामानिमित्त दोन वर्षं अमेरिकेत, कॅन्सस सिटीत होते. तिथल्या बार्बेक्यू पोर्क रिब्जची, म्हणजे भाजलेल्या डुकराच्या बरगड्यांची, चटक अजून गेलेली नाही. आता मधुमेह निघालाय. भात, साखर बंद. गेल्या रविवारी मी साखरेऐवजी मध लावून रिब्ज ओव्हनमध्ये 200 अंशांवर पाऊण तास भाजल्या. वरून कोळसा, आतून चामडं! त्यांनी आता रिब्ज खायच्याच नाहीत का? – एक वाचक, वसई

उत्तर : ताई, खाऊ द्या त्यांना. डुकराच्या मांसात कर्बोदकं जवळजवळ नसतातच. साखर असते ती वरच्या लेपात. कॅन्सस सिटीचा सॉस म्हणजे टोमॅटो आणि काकवीसारखं मोलॅसिस. बाटलीतल्या दोन मोठ्या चमच्यांत दहा-पंधरा ग्रॅम साखर सहज जाते. आणि मध! आपल्याकडे मध म्हटलं की पथ्याचा वाटतो. त्याच्या एका मोठ्या चमच्यात 17 ग्रॅम साखर असते. गूळही त्याच पंगतीतला.

तेव्हा कॅन्सस सिटी सोडा, मेम्फिसला चला. मी सहा वर्षं अमेरिकेत नॅशव्हिलला होते, तिथून मेम्फिस गाडीने तीन तास. तिथे एका गल्लीतल्या तळघरात चार्ली व्हर्गोस यांनी 1948 साली सुरू केलेलं ‘रांदेव्हू’ हे रिब्जचं हॉटेल आहे. रिब्ज येतात त्या कोरड्या, व्हिनेगरचा हात फिरवून वर मसाल्याची भुकटी मारलेल्या. पहिल्यांदा ताट समोर आलं तेव्हा मला वाटलं, हे सॉस घालायला विसरले. दुसऱ्या हाडापर्यंत सॉसची आठवणही राहिली नाही.

तुमच्या रिब्ज करपल्या त्या मधामुळे, आणि चिवट राहिल्या त्या घाईमुळे. हाडांमधल्या चिवट धाग्यांचं जिलेटिन व्हायला मंद आच आणि वेळ लागतो. आतलं तापमान नव्वदीच्या पुढे गेलं की मांस सुटतं. साखर नसली की करपायची धास्ती निम्म्याने कमी.

खाटकाला आधीच सांगा, तुकडे नकोत, अख्खी पट्टी हवी. नाहीतर सवयीने सत्तूर मारून तो विंदालूचे तुकडे हातात ठेवतो. घरी आणल्यावर हाडांच्या बाजूचा पांढरा पापुद्रा काढा. चमच्याचा दांडा खाली सरकवायचा, सुटलेलं टोक कोरड्या फडक्यात धरायचं आणि ओढायचं. हा राहिला तर मसाला आत जात नाही आणि खाताना दातात रबर.

एक किलोला दोन चहाचे चमचे मीठ, दोन काश्मिरी मिरची पूड, एक मिरपूड, एक लसूण पावडर, अर्धा मोहरीची पूड, चिमूटभर ओवा चुरडून. चोळून रात्रभर फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी दोन मोठे चमचे व्हिनेगर शिंपडा (वसईत ताडीचं मिळालं तर तेच घ्या), फॉइलच्या दुहेरी घडीत घट्ट गुंडाळा आणि 135 अंशांवर अडीच तास विसरून जा. हाडांची टोकं बोटभर उघडी पडली आणि टूथपिक लोण्यात जावी तशी गेली की झालं. मग फॉइल उघडून, व्हिनेगरचा हात फिरवून, ओव्हनच्या वरच्या ग्रिलच्या आचेखाली आठ-दहा मिनिटं. इथे मात्र ओव्हनसमोरून हलू नका.

धुराची चव हवीच असेल. त्यासाठी अंगणात भट्टी नको. पातेल्यात रिब्ज, मधे वाटीत निखारा, त्यावर फॉइलमध्ये सुटलेल्या चरबीचे चार थेंब, आणि लगेच झाकण. पाच मिनिटांची धुरी पुरे. फॉइलमधला उरलेला रस वरची चरबी काढून आटवा, चमचाभर टोमॅटो प्युरी आणि व्हिनेगर घाला. ह्यांना सॉस लागतोच म्हणाले तर हा द्या. स्टीव्हिया घालायच्या फंदात पडू नका, जास्त झाली की कडवट लागते.

एक मात्र विचारून घ्या. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल आणि भात-पोळी एकदम कमी केलीत, तर रक्तातली साखर फार खाली येऊ शकते. डोस डॉक्टरांकडूनच ठरवा. सोबत कोबीची व्हिनेगर घातलेली कोशिंबीर करा, अर्थात साखर न घालता.

कापताना पट्टी पालथी घाला, हाडं वर. कुठून सुरी घालायची ते दिसतं.