बाटली काठावर पोचण्याआधी

प्रश्न : ‘हाऊस ऑफ वॅक्स’ (1953) हा गाजलेला थ्रीडी चित्रपट एकाच डोळ्याने दिसणाऱ्या दिग्दर्शकाने केला, हे खरं का? त्याचे बाकीचे स्वस्तातले काउबॉयपट पाहण्यासारखे आहेत का?

उत्तर : खरं आहे. आंद्रे द टॉथला एकच डोळा होता, दुसऱ्यावर काळी पट्टी. त्याला स्वतःला थ्रीडीतली खोली दिसत नसे. पण हा किस्सा सांगून लोक थांबतात, याचं मला फार वाईट वाटतं. त्याचं खरं काम तुम्ही ज्यांना स्वस्तातले म्हणता, त्या वेस्टर्नमध्येच आहे.

हा मूळचा हंगेरीचा. 1939 या एका वर्षात त्याने तिथे पाच चित्रपट केले. मग युद्ध पेटलं आणि तो लंडनला निर्माता अलेक्झांडर कोर्डाकडे आणि तिथून हॉलिवूडला गेला. 1951 ते 1954 मध्ये नट रँडॉल्फ स्कॉटला घेऊन त्याने सहा वेस्टर्न केले. त्यांतल्या ‘रायडिंग शॉटगन’मध्ये सगळं गाव नायकालाच दरोडेखोर समजतं आणि तो एका लहानशा कँटिनात, म्हणजे दारूच्या अड्ड्यात, अडकून पडतो. एक खोली, बाहेर जमाव. खर्च वाचला आणि ताणही वाढला!

पण एकच पाहायचा असेल तर ‘डे ऑफ द आउटलॉ’ (1959) पाहा. सलूनमध्ये, म्हणजे गावच्या दारूच्या गुत्त्यात, काटेरी तारेच्या कुंपणावरून वाद पेटलाय. बारवरून एक बाटली घरंगळत सोडतात. ती खाली पडली की पिस्तुलं निघणार. बाटली काठाकडे सरकते, आपला श्वास अडकतो, आणि ती पडण्याआधीच दार उघडून दरोडेखोरांची टोळी आत येते. मघाचं भांडण तिथेच विरतं. टोळीचा म्होरक्या जखमी आहे. त्याच्या माणसांना दारू नि बायकांपासून दूर ठेवतो तो फक्त त्याचा शब्द. पुढे तोच नाचाला परवानगी देतो. गावातल्या बायकांना ओढून ते नाचवतात, थांबू देत नाहीत. गोळी सुटत नाही, तरी अंगावर काटा येतो.

टोळीचा गावाबाहेरचा शेवटचा प्रवास अमेरिकेतल्या ओरेगॉनमधल्या खऱ्या बर्फात चित्रित केलाय. घोडे बर्फात रुतताहेत, एकेक पाय उपटून पुढे टाकताहेत. कृष्णधवल चित्रात ते पांढरं रान संपतच नाही. मी तो चार वेळा पाहिला, आणि चारही वेळा शेवटी हातपाय गार पडले होते.

तेव्हा आधी हा पाहा. ‘हाऊस ऑफ वॅक्स’ नंतर.