हाऊजी खेळा, भरीत खिलवा

प्रश्न : ताई, आमच्या अमळनेरच्या कॉलनीत शनिवारी रात्री कॅरम, हाऊजी रंगते. यंदा त्यातून मुलींच्या वसतिगृहाला मदत करायची आहे. पैसे कसे जमवावेत?

उत्तर : पैसे खेळावर लावू नका, प्रवेशाला घ्या. तीन पत्ती मुळीच नको. पैसे लावले की तो जुगार, 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरणारा. हाऊजीलाही रोख बक्षीस नकोच. आमच्या जळगावच्या गल्लीत बक्षिसं शेजारीच देतात : बिबड्यांचा (ज्वारीच्या पापडांचा) डबा, केळीचे वेफर्स. एकदा फुल हाऊसला आसोद्याच्या भरिताच्या वांग्यांची टोपली होती. शेवटी दोघींचा एकेकच आकडा उरला, तेव्हा चिमुकलीसुद्धा गप्प बसली होती!

हिवाळा आहे, तर काड्यांवर वांगी भाजा, कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी करा. खेळाची आवड नसलेलेही भरितासाठी हमखास येतात, आणि खरी रक्कम ताटांमधूनच उभी राहते. वसतिगृहाला काय हवंय ते आधी विचारा. सगळेच वह्या देतात, गाद्या कुणी देत नाही. मोठी देणगी देणाऱ्यांना थेट संस्थेच्या नावानं धनादेश द्यायला सांगा, कारण 2000 रुपयांवरच्या रोख देणगीला प्राप्तिकरात सवलत नाही. आणि हिशेब त्याच रात्री, सगळ्यांदेखत फळ्यावर मांडा.